बंड्याच्या कानाचं ऑपरेशन आणि आमचा डिसेंबर

कासव माझं नाहीच खरं तर. भाच्यानं सातवीत असताना दीडशे रुपयाला आणलं होतं, तेव्हा ते रुपयाच्या नाण्यापेक्षा जरासं मोठं होतं आणि दुकानदार म्हणाला होता की एवढंच राहतं. भाचा इंजिनिअरिंगला गेला आणि हॉस्टेलवर जाताना "मामा, बंड्याला बघशील ना" म्हणून माझ्या गळ्यात मारून गेला. आता ते ताटलीएवढं झालंय, रेड-इअर्ड स्लायडर, डोळ्यामागे लाल पट्टा असतो ते. तर या लाल पट्ट्याच्या मागेच नोव्हेंबरात मला एक फुगवटा दिसला. आधी वाटाण्याएवढा, मग बोराएवढा.

आई म्हणाली, अरे कासवाला कान असतो का? असतो. बाहेर भोक नसतं, नुसती गोल चकती असते कातडीची, आणि तिच्या मागे पू साठतो. इथल्या एका डॉक्टरांनी गाठ आहे म्हणून कुत्र्याचं मलम दिलं, ते दहा दिवस लावलं, उपयोग शून्य. शेवटी पुण्याला एक्झॉटिक प्राणी, म्हणजे कासवं, पक्षी असले, बघणाऱ्या डॉक्टर मॅडम आहेत असं कळलं, मग बंड्याला झाकणाला भोकं पाडलेल्या टबात ओल्या टॉवेलवर ठेवलं आणि निघालो, सिन्नर, संगमनेर, चंदनापुरी घाट, आळेफाटा, पाच तास, आणि सगळा रस्ताभर टबात खरड खरड.

मॅडमनी उचललं, पुढच्या पंजांची नखं बघितली आणि पहिलं वाक्य म्हणाल्या, "ही मादी आहे." नराची नखं लांबलचक असतात म्हणे. सहा वर्षं बंड्या बंड्या केलं! आईनं त्या दिवसापासून बंडी म्हणायला सुरुवात केली, माझ्या तोंडी बंड्याच राहिलंय, त्यामुळे आमच्याकडे बंड्या येते आणि बंड्या जेवते.

मग त्यांनी विचारलं, खायला काय देता? मी म्हटलं ते लाल सुके झिंगे. अजून काय? अजून काही नाही. यूव्हीबी लाइट, म्हणजे उन्हासारखे किरण देणारा दिवा? नाही. फिल्टर? ऑगस्टपासून बंद. माझा चेहरा मलाच दिसत होता. नुसत्या झिंग्यांनी व्हिटॅमिन ए कमी पडतं, मग कानापासून तोंडात जाणाऱ्या नळीचं आतलं अस्तर जाड होऊन नळी तुंबते, वर घाण पाणी, झालं काम. आणि यांचा पू वाहत नाही, घट्ट होऊन बसतो, म्हणून मलमानं काही होणार नव्हतं, कापून काढायलाच लागतो.

ऑपरेशनला भूल इंजेक्शननं दिली. मास्कनं गॅस देऊन चालत नाही कारण हे प्राणी श्वास रोखून खूप वेळ बसू शकतात. शुद्धीवर यायलाही तसाच वेळ, मी बाहेर बाकावर चार तास. काढलेला गोळा त्यांनी डबीत दाखवला, पिवळट पांढरा, अगदी पेढ्यासारखा. हे मी घरी फोनवर सांगितलं ही चूक झाली, आईनं महिनाभर पेढा खाल्ला नाही. बंड्याला रात्रभर तिथेच ठेवलं, मी कोथरूडला बहिणीकडे झोपलो.

दुसऱ्या दिवशी ताब्यात मिळाली तेव्हा मी हबकलोच, कारण कानाला टाके नव्हते, उघडं भोक. मुद्दाम उघडं ठेवतात, आतून बाहेर भरत यायला हवं, वरून बंद झालं तर आत पुन्हा पू.

आणि खरं काम इथून पुढे सुरू झालं. पाण्यातला प्राणी कोरडा ठेवायचा. दिवसभर टॉवेल घातलेल्या टबात, संध्याकाळी फक्त एक तास उथळ कोमट पाणी, कानाला लागणार नाही एवढंच. मग पातळ बेटाडिन, फिक्या चहाच्या रंगाचं, सुई नसलेल्या सिरिंजनं त्या भोकात. त्यासाठी डोकं बाहेर यायला पाहिजे ना! ती डोकं आत ओढणार, मी गुडघ्यावर टब घेऊन बसणार, वीस मिनिटं, अर्धा तास, ती माझ्याकडे बघतेय मी तिच्याकडे.

तीन दिवसांतून एकदा अँटिबायोटिकचं इंजेक्शन, तेही पुढच्याच पायात, कारण मागच्या पायाचं रक्त आधी किडनीतून जातं. मॅडमनी वजनाप्रमाणे सात सिरिंजा भरून दिल्या होत्या, त्या फ्रीजरमध्ये ठेवायच्या. आईच्या सोललेल्या मटारच्या पिशव्या आणि शेजारी चिकटपट्टीवर तारखा लिहिलेला माझा डबा. आईची अट एकच, वजनकाटा वेगळा आण आणि हात साबणानं धुतल्याशिवाय ओट्याला शिवायचं नाही. बरोबरच होतं तिचं, कासवाच्या अंगावर साल्मोनेला, म्हणजे पोट बिघडवणारा जंतू, असू शकतो.

सगळ्यात जास्त घाबरवलं ते थंडीनं. यांचं शरीर स्वतः गरम होत नाही, टबात अठ्ठावीस ते तीस डिग्री नसेल तर औषधही नीट लागू पडत नाही आणि जखमही भरत नाही. आणि आमचं नाशिक, रोज पेपरात निफाडचा पारा. हीट बल्ब लावला होता, पण एका रात्री अडीचला मला जाग आली तर सगळीकडे अंधार, लाइट गेलेली, थर्मामीटर बावीसवर. गॅसवर पाणी तापवलं, आईची कंबर शेकायची रबरी पिशवी टॉवेलात गुंडाळून टबाच्या कडेला लावली, वर गोधडी टाकली थोडी फट ठेवून, आणि सकाळी सहाला लाइट येईपर्यंत तीनदा पाणी बदललं. आई बिनापिशवीची कण्हत होती आतल्या खोलीत. तरी एकदाही पिशवी परत दे म्हणून म्हणाली नाही.

खाणं मात्र बंद. वजन ८४० ग्रॅम होतं ते ८१२ वर आलं. पेलेट, म्हणजे कासवाच्या तयार खाण्याच्या गोळ्या, भिजवून दिले, गाजर किसून दिलं, लाल भोपळा दिला, नुसतं बघायची. स्लायडर पाण्यातच गिळतात त्यामुळे त्या एका तासातच काय ते जमवायचं. मॅडम फोनवर म्हणायच्या, मोठ्या कासवाचं दोन आठवडे चालतं, तुम्ही घाबरू नका. मी घाबरायचोच. बाराव्या दिवशी आई गुलाबाच्या कुंडीत खुरपं घेऊन बसलेली, आली ती चिमटीत गांडूळ घेऊन. आयुष्यात अंडं न शिवलेली बाई. पाण्यात सोडलं, ते वळवळलं, बंड्यानं मान लांब केली आणि खट्ट. दुसरं, तिसरं. चौथं आणायला गेली तर कुंडीत नव्हतं. त्या दिवशी एकादशी होती हे तिनंच मला रात्री सांगितलं, जरा अपराधी होऊन.

भोक भरायला सहा आठवडे लागले. रोज फोटो काढायचो, कालच्यात आजच्यात काही फरक दिसायचा नाही, पहिला आणि चाळिसावा शेजारी ठेवल्यावर दिसला. आता वजन ८६५, यूव्हीबी लाइट आहे, फिल्टर चालू आहे, झिंगे फक्त रविवारी, चटक म्हणून.

भाचा संक्रांतीला आला होता. त्याला बघून बंड्या काचेवर पंजे आपटत धावली, आईला बघून तर तोंडच उघडते गांडुळाच्या आशेनं. मी टाकीजवळ गेलो की मान आत.