तयार चादरींचं पुन्हा सूत झालं

सकाळी फोन आला तो होटगी रोडवरच्या एका छोट्या टीमचा. यंत्रमाग कारखाना चालवायचा त्यांचा गेम स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आहे. गेम अजून अपुरा, विक्री मात्र सुरू. "रात्री अपडेट टाकलं आणि लोकांच्या गोदामातल्या चादरींचं सूत झालंय, लवकर या."

क्रॅश नाही, एरर नाही. सेव्ह, म्हणजे खेळाची साठवलेली फाइल, व्यवस्थित उघडत होती, म्हणून तर कुणाला आधी कळलं नाही. फाइल उघडली आणि कारण दिसलं. माल नावानं नाही, यादीतल्या क्रमांकानं साठवलेला: ३ रंगीत सूत, ४ चादर, ५ टॉवेल. नव्या अपडेटमध्ये दुहेरी सूत आलं आणि ते यादीच्या मध्येच, ३ वर घातलं गेलं. खालचं सगळं एकेक घर सरकलं. जुन्या फाइलमधला ४ आता रंगीत सूत वाचला जात होता आणि टॉवेलांच्या चादरी झाल्या होत्या.

पहिलं काम, जुनं बिल्ड, म्हणजे गेमची आधीची आवृत्ती, परत डीफॉल्ट शाखेवर (सगळ्यांना मिळते त्या जागी) लावणं. स्टीमवर जुनी बिल्डं जपलेली असतात, त्यामुळे हे मिनिटांचं काम. पण त्याला मोबाइलवरून मंजुरी लागते आणि तो मोबाइल ज्याच्याकडे होता तो अक्कलकोटला. तो सापडेपर्यंत लोक खेळतच होते.

बिल्ड मागे घेतलं तरी सेव्ह मागे जात नाही. ज्यांनी नुसता गेम उघडून बंद केला, त्यांचे आकडे तेच राहिले आणि जुन्या बिल्डमध्ये माल जागेवर आला. ज्यांनी नव्या बिल्डमध्ये खरेदी-विक्री केली, त्यांच्या फाइलमधला ४ कधी जुनी चादर, तर कधी नवं रंगीत सूत. फाइलवर आवृत्ती क्रमांकच नाही, मग ओळखायचं कसं? वर क्लाउडनं, म्हणजे ऑनलाइन साठ्यानं, तीच मिसळलेली फाइल त्यांच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरही पोचवलेली. ऑटोसेव्हच्या, म्हणजे आपोआप साठवण्याच्या, तीन जागा आलटून-पालटून वापरल्या जात होत्या, म्हणून थोडं खेळलेल्यांना अपडेटच्या आधीची एखादी तरी सापडली. दिवसभर खेळलेल्यांच्या तिन्ही गेल्या.

मला राग आला तो या शेवटच्या लोकांसाठी. स्टीमवर पैसे परत मिळतात ते खरेदीपासून १४ दिवसांत आणि खेळणं दोन तासांच्या आत असेल तर. पन्नास-साठ तास घातलेल्या माणसाला ती वाट बंद. अपुरा गेम घेऊन त्यातले दोष कळवत बसणारा गिऱ्हाईक तोच, आणि त्याची सगळी कमाई त्या एका फाइलमध्ये. सेव्ह पुढे चालणार नसेल तर तसं आधी सांगावं. 'बाल्डर्स गेट ३' हा गेम ऑक्टोबर २०२० मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आला. ऑगस्ट २०२३ च्या पूर्ण गेममध्ये त्या सेव्ह चालणार नाहीत हे लोकांना आधीच ठाऊक होतं. या टीमनं मात्र दुकानाच्या पानावर 'तुमची प्रगती कायम राहील' असं लिहून ठेवलं होतं.

दुपारपासून दुरुस्ती. प्रत्येक मालाला कायमचा क्रमांक, तो दुसऱ्याला कधीच द्यायचा नाही. नवा माल यादीच्या शेवटी. फाइलच्या पहिल्या ओळीत आवृत्ती. जुनी फाइल फक्त वाचायची, तिच्यावर लिहायचं नाही. बदललेली नव्या नावानं ठेवायची. अपडेटनंतर बदललेली फाइल दिसली, तर गोदाम दोन्ही प्रकारे वाचून दाखवायचं आणि निवड खेळणाऱ्यावर सोडायची. पूर्ण मिसळलेल्यांना यानं न्याय मिळत नाही, त्यांना हवा तेवढा माल भरून घेण्याची सोय दिली.

मग प्रत्येक जुन्या आवृत्तीतली खऱ्या खेळाडूंची सेव्ह मागवली. टीमच्या स्वतःच्या सेव्ह पाच मिनिटांच्या असतात, त्यात गोदाम कधी भरतच नाही. रात्री बिल्ड चढवलं ते पासवर्डवाल्या बीटा शाखेवर, म्हणजे निवडक लोकांच्या चाचणीच्या जागी, आणि त्याचा पासवर्ड आधी तक्रार करणाऱ्यांनाच पाठवला.