बिळात हात घालायचा खेळ

भाचा पुण्याहून आलाय, उद्या मित्रांसोबत लळिंगला जाणार म्हणे, किल्ला बघायला नाही तर डबा शोधायला. एकाने किल्ल्याखाली कुरणात कुठंतरी डबा लपवलाय आणि अक्षांश-रेखांश व्हॉट्सअपवर टाकलेत, बाकीच्यांनी मोबाईल धरून तो हुडकायचा. जिओकॅशिंग.

दुपारी त्याने सॅक ओट्यावर उपडी केली. पॉवर बँक, टॉर्च, शिट्टी, बँडेज, ओआरएसच्या पुड्या, हातमोजे, पेन्सिली. मला अशा याद्यांचं फार वेड आहे, गावाला जाण्यापेक्षा बॅग भरण्यात जास्त मजा येते, म्हणून बसलोच शेजारी. पेन्सिल कशाला तर डब्यातल्या वहीत नाव लिहायला, पेन ऐनवेळी चालत नाही. हा खेळ सुरू कसा झाला तेही सांगितलं त्याने, म्हणे 2 मे 2000 ला अमेरिकेने जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढली आणि लगेच दुसऱ्या दिवशी ओरेगॉनात डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने जंगलात बादली लपवली, त्यात वही-पेन्सिल आणि चक्क एक गलोल. माणूस आपल्यातलाच वाटला.

आता गंमत बघा, मोबाईल नेतो तो डब्याच्या पाच-दहा मीटरपर्यंत, पुढचं सगळं हातानेच, म्हणजे दगडाच्या फटीत, झाडाच्या ढोलीत, बांधाच्या भोकात हात घालायचा. आणि आमचं अख्खं लहानपण गेलं ते घालू नको हे ऐकण्यात. आबांबरोबर पाटणादेवीच्या रानात सरपण आणायला जायचो तेव्हा ते काठीने आधी दगड ठोकायचे, थांबायचे, मग उचलायचे. "पहिले काठी, मंग हात." एकदा दगडाखालून खसखस आवाज आला, करवत घासल्यासारखा, आबांनी मला नुसतं मागं ओढलं. वीतभर फुरसं होतं, वेटोळं करून अंगाला अंग घासत बसलेलं. त्याच पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला होता, 1207 चा शिलालेख आहे तिथं, पण माझ्या डोक्यात पाटण म्हटलं की ते फुरसंच.

तर सॅकमध्ये सगळं होतं, काठी नव्हती. दिली. वर आईने, म्हणजे त्याच्या आजीने, कांदा खिशात घातला, ऊन लागू नये म्हणून. खिशातल्या कांद्याने ऊन कसं थांबतं हे मला अजून कळलेलं नाही, पण भाकरी-ठेच्याबरोबर खाता येतो, म्हणून मी कधी विरोध करत नाही. पाण्याची एकच बाटली घेतली होती त्याने, आमच्या धुळ्याच्या उन्हात! तीन कोंबल्या. डोक्याला कॅप नको, रुमाल बांध म्हटलं, तोंड वाकडं केलं त्याने.

बाकी हसण्यावारी चाललं होतं, एवढं मात्र नीट बसवून सांगितलं. काही चावलंच तर चिरा द्यायचा नाही, करकचून बांधायचं नाही, पळायचं नाही, 108 ला फोन आणि सरळ सिव्हिल. आणि कुरणाच्या कुठल्या बाजूने शिरताय ते निघायच्या आधी मला लिहून पाठव, आत शिरल्यावर रेंज मिळेलच असं नाही. सातपर्यंत फोन नाही आला तर मी गाडी काढणार.