सजावट या शब्दात लपलेलं धनुष्य

परवा भाचीनं विचारलं, मावशी, इंटिरिअर डेकोरेशनला मराठीत काय म्हणायचं? मी पटकन सांगितलं, अंतर्गत सजावट. पण ‘अंतर्गत’ म्हटलं की मला पक्षाचे अंतर्गत वादच आठवतात, घराला तो शब्द कोरडा वाटतो, त्यापेक्षा गृहसजावट कितीतरी आपलं वाटतं. असो. खरी अडकले ती सजावटवर.

आपण सजावट म्हणजे वरून सुंदर करणं असं धरून चालतो ना, पडदे, रंग, झुंबर वगैरे. पण सजणं, सजवणं, सजावट हे सगळे शब्द आले संस्कृत ‘सज्ज’वरून, आणि सज्ज म्हणजे तयार, सैन्य सज्ज आहे म्हणतो तेच सज्ज. मोनिअर विल्यम्सच्या १८९९च्या संस्कृत-इंग्रजी कोशात तर हा शब्द ‘सज्य’शी जोडलाय, स अधिक ज्या, ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. म्हणजे सज्ज म्हणजे दोरी चढवलेलं धनुष्य! नुसतं भिंतीवर टांगलेलं नाही तर आत्ता हातात घेतलं की बाण सोडता येईल असं. हे वाचलं आणि मी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले, इतकं आवडलं मला ते. कारण मग सजवलेली खोली म्हणजे राहायला तयार असलेली खोली, खुर्चीशेजारी वाचायला पुरेल एवढा उजेड, हात पोचेल तिथं पुस्तक, उठून चालताना पायात काही न येणं, हे सगळं आधी आणि फुलदाणी नंतर.

बरं हे फक्त सजावटचंच नाहीये. अलंकार घ्या, अलम् म्हणजे पुरेसं, जे आहे ते पुरेसं करणं म्हणजे अलंकार, आणि वेदांत त्याचंच जुनं रूप अरंकृ येतं, त्याचा अर्थ पुन्हा सिद्ध करणं, तयार करणं! फर्निचरसुद्धा फ्रेंचमधल्या ‘पुरवणं’ या अर्थाच्या क्रियापदावरून आलंय. आरास फारसीतून आलेला, आरास्तन म्हणजे नीट मांडणं, सजवणं.

आणि डेकोरेशन? त्याच्या मुळाशी लॅटिन ‘देकेरे’ आहे, म्हणजे योग्य असणं, साजेसं असणं, त्याच मुळातून डेकोरम पण निघाला, म्हणजे शिष्टाचार. खोली आणि वागणूक दोन्हीला एकच मूळ कसं काय असं आधी वाटलं मला, पण आपलं ‘शोभणं’ अगदी असंच आहे की. या भिंतीला हा रंग शोभतो असंही आपण म्हणतो, आणि कुणी वेडंवाकडं बोललं की त्याच शब्दानं त्याला गप्प करतो, हे तुला शोभत नाही.