पावसाळ्यानंतर घड्याळ लावताना

देवगडात मे संपत आला, विजा कडाडायला लागल्या, की आमच्या घरी सगळ्या पिना सॉकेटमधून निघतात. यंदा आंब्याचा हिशेब आटोपल्यावर कॉम्प्युटरची पिनही काढली, वर जुनी चादर टाकली आणि गणपती पोचवून झाल्यावरच ती उचलली.

मशीन सुरू झालं, पण एकही साइट धड उघडेना. 'कनेक्शन सुरक्षित नाही', एवढंच. आधी नेटवाल्याला शिव्या घातल्या, राउटर दोनदा बंद-चालू केला. फोनवर तेच वायफाय झकास चाललेलं. मग खाली कोपऱ्यात नजर गेली: 1 जानेवारी 2009. सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत अशी मुदत असते. माझ्या मशीनच्या लेखी ती मुदत अजून सुरूच व्हायची होती.

विंडोजच्या सेटिंगमध्ये 'सिंक नाऊ' दाबलं, म्हणजे नेटवरच्या सर्व्हरला वेळ विचारून घड्याळ जुळवायला सांगितलं. जमेना. चार वेळा दाबलं, तरी तेच. शेवटी कमांड प्रॉम्प्टमधून रीसिंक करून पाहिलं, तेव्हा खरं कारण कळलं: वेळेत करायचा बदल फारच मोठा आहे, म्हणून केला नाही. घरगुती मशीनवर विंडोज मुळात 54,000 सेकंदांपर्यंतचा, म्हणजे 15 तासांपर्यंतचाच फरक आपणहून दुरुस्त करतं. कुठल्या तरी बिघडलेल्या सर्व्हरने भलतीच तारीख गळ्यात मारू नये म्हणून ही खबरदारी. खबरदारी रास्तच, पण हे त्या सेटिंगच्या पानावर लिहायला काय हरकत होती?

तारीख हाताने घातली, पुन्हा सिंक केलं, लगेच जमलं. संध्याकाळी लाइट गेली. आली तेव्हा पुन्हा 2009.

आता डोक्यात प्रकाश पडला. पिन लावलेली असली की मदरबोर्डवरच्या घड्याळाला भिंतीतून थोडी वीज मिळत राहते. पिन काढली की सगळा भार तीन व्होल्टच्या एका बटनसेलवर. जुना सेल पावसाळाभर एकटाच राबला आणि संपला.

बाजारात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेलो. "काका, सीआर2032 आसा?"

"आसा. गाडीच्या रिमोटाक?"

"नाय, कॉम्प्युटराक."

"तेकाय घड्याळ आसता?"

असतं, आणि त्यांच्या दुकानातल्या क्वार्ट्झ घड्याळांचाच भाऊबंद. तोच सेकंदाला 32,768 वेळा कंप पावणारा स्फटिक. हा आकडा 15 वेळा निम्मा केला की बरोब्बर एक उरतो, म्हणून तो निवडलेला.

पिन काढून कॅबिनेट उघडलं, अंगातली स्थिर वीज जावी म्हणून आधी त्याच्या पत्र्याला हात लावला, क्लिप दाबून सेल काढला. खाली पत्तीवर हिरवट थर. खाऱ्या हवेची कृपा. शाळेतल्या खोडरबराने तो घासला, नवा सेल अधिकची बाजू वर ठेवून बसवला. सुरू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये शिरलो आणि तारीख-वेळ तिथेच घातली.

वेळ विचारायचा सर्व्हर मात्र बदलला. दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सीझियमच्या अणुघड्याळांवर भारताची प्रमाणवेळ राखते, तिचाच सर्व्हर टाकला. विंडोजचा मूळचा काही वाईट नव्हता, उगाच हौस. आमचं नेट मंद आहे, पण निरोप जाऊन यायला लागलेला वेळ मोजून त्याचा निम्मा हिशेबात धरला जातो, त्यामुळे तेवढ्याने बिघडत नाही. जायला एक आणि यायला भलताच वेळ लागला तरच थोडी चूक राहते.

रात्रभर पिन काढून ठेवली. सकाळी नेटची वायर न जोडताच मशीन सुरू केलं: तारीख बरोबर, फोनशी ताडलं तर फरक एका सेकंदाचा. त्याच झपाट्यात ओटीवरचं घड्याळही लावायला स्टूल घेतलं. ते कायम 10 मिनिटं पुढे असतं. आईने स्टूल काढून घेतलं. एसटी चुकली तर दिल्लीवाले सोडायला येणार आहेत काय, म्हणाली.