आमच्या ग्रेहाउंडच्या थायरॉइडच्या गोळ्या आणि वजनाचा काटा

आमची चांदणी आयर्लंडमध्ये जन्मलेली आणि इंग्लंडमधल्या शर्यतींतून निवृत्त झालेली ग्रेहाउंड, म्हणजे सडपातळ, वेगाने धावणाऱ्या शिकारी जातीची मादी. नॉटिंगहॅमला आमच्याकडे आली तेव्हा तिचे वजन २८ किलो होते. पुढे नसबंदी झाली, धावणे थांबले, आणि पाहता पाहता काटा ३२ वर गेला. मांड्यांच्या मागचे केसही विरळ होऊन कातडी दिसू लागली. बागेत भेटणारे लोक मात्र आम्ही तिला उपाशी ठेवतो की काय असेच विचारत. सोलापूरच्या माझ्या मामांनी, ज्यांनी आयुष्यभर कारवानी ही तशीच सडपातळ देशी शिकारी कुत्री पाळली, तिला व्हिडिओ कॉलवर पाहताच ती सुटली असल्याचे सांगितले.

जवळच्या दवाखान्यात रक्तातील एकूण टी४, म्हणजे थायरॉइड ग्रंथीचे मुख्य संप्रेरक, तपासला. तो संदर्भ-मर्यादेच्या खाली निघाल्यामुळे थायरॉइड मंदावल्याचे निदान झाले आणि किलोमागे ०.०२ मिलिग्रॅम या नेहमीच्या हिशेबाने लेव्होथायरॉक्सिनची (याच संप्रेरकाचे कृत्रिम रूप) ०.६ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा सुरू झाली. अन्नाबरोबर या औषधाचे शोषण घटते, म्हणून गोळी रोज जेवणाआधी ठरलेल्या वेळीच देण्याचा नियम आम्ही पाळला. वजन उतरू लागले आणि निदान बरोबर असल्याची सर्वांचीच खात्री पटली. परंतु थायरॉइड निरोगी असलेल्या कुत्र्यालाही बाहेरून हे संप्रेरक दिले तर चयापचय वाढू शकतो आणि केसही सुधारू शकतात. म्हणजे औषधाने फरक पडला, एवढ्यावरून आजार होता असे ठरत नाही. हे आम्हांला कळले ते वजन २८ च्याही खाली जाऊन पाठीचे मणके उठून दिसू लागल्यावर. भूक तर वाढलेलीच होती. शिवाय ती रात्री धापा टाकत घरभर फिरे आणि पाण्याचे भांडे वारंवार रिकामे करी.

ग्रेहाउंड नित्य पाहणाऱ्या दुसऱ्या पशुवैद्य बाईंनी जुना अहवाल पाहिला आणि आधी जातीचाच मुद्दा काढला. निरोगी ग्रेहाउंडचा एकूण टी४ इतर जातींसाठी ठरवलेल्या मर्यादेखाली असणे अगदी सामान्य आहे, आणि काहींत तो यंत्राला मापता येणार नाही इतका कमी असतो. मुक्त टी४ (रक्तातील प्रथिनांना न चिकटलेला भाग) देखील बऱ्याचदा कमीच असतो. मांड्यांचे टक्कल या जातीत थायरॉइडचा दोष नसतानाही पडते. रक्ताचे इतर आकडेही वेगळे वाचावे लागतात: तांबड्या पेशींचे प्रमाण इतर कुत्र्यांपेक्षा जास्त, पांढऱ्या पेशी व प्लेटलेट कमी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांच्या तपासणीत मोजतात तो घटक) थोडे वर. त्यामुळे लॅब्राडॉरमध्ये उत्तम ठरणारे हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचा टक्का) ग्रेहाउंडमध्ये पंडुरोगाची चाहूल असू शकते.

सकाळच्या गोळीनंतर चार ते सहा तासांच्या आत घेतलेल्या रक्तात टी४ अपेक्षेपेक्षा बराच वर निघाला. तेव्हा बाईंच्या देखरेखीखाली गोळ्या बंद केल्या. लगेच पुन्हा तपासणी करण्यात अर्थ नव्हता, कारण बाहेरून संप्रेरक मिळत असताना पीयूषिका (थायरॉइडला चालना देणारी, मेंदूच्या तळाची ग्रंथी) आणि थायरॉइड या दोन्ही ग्रंथी सुस्तावतात व त्यांना पूर्ववत होण्यास सहा ते आठ आठवडे द्यावे लागतात. तो काळ आम्हांला फार जड गेला. शेवटी अहवाल आला: टी४ पुन्हा कमी, पण टीएसएच (पीयूषिकेचे थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) आणि कोलेस्टेरॉल, जे या आजारात सहसा वाढतात, ते दोन्ही योग्य, हिमॅटोक्रिट ५८ टक्के. खऱ्या रुग्णांपैकी काहींचा टीएसएच सामान्य असतो, म्हणून केवळ त्यावर विसंबू नये, असे त्यांनी बजावले. परंतु सर्व आकडे आणि लक्षणे एकत्र पाहता चांदणीला हा आजार नव्हता.

वजनाचा प्रश्न मग आहारातूनच सोडवावा लागला. कोरडे खाद्य कपाने मोजण्याऐवजी ग्रॅममध्ये तोलले, आणि दिवसभरात हातून सुटणारे चीजचे तुकडे त्याच हिशेबात धरले. दवाखान्याच्या त्याच काट्यावर नियमित वजन घेतले. शेवटच्या दोन बरगड्या पुसट दिसाव्यात आणि कंबर आत गेलेली असावी, हे लक्ष्य आकड्यापेक्षा उपयोगी ठरले. सध्या ती साडेएकोणतीस किलोवर स्थिर आहे. मांड्यांवर थोडे केस आले आहेत, थोडी जागा अजून उघडी आहे, आणि तिच्या नोंदपत्रावर 'कमी टी४, ग्रेहाउंडसाठी सामान्य' अशी ओळ बाईंनी ठळक लिहून ठेवली आहे.