फुलबागेतला दुसरा हार

आज १८ जून, राणी लक्ष्मीबाईंचा स्मृतिदिन. सकाळी ऊन चढायच्या आत बाबांना घेऊन फुलबागेत झाशीच्या राणीच्या समाधीवर जाऊन आले. ग्वाल्हेरच्या जूनमध्ये साडेसातलाच फरशी तापते, तरी बाबा चपला काढूनच आत गेले.

त्यांनी झेंडूचे दोन हार आणले होते. एक समाधीवर वाहिला. दुसरा बाजूला, कठड्यापाशी मातीत ठेवला. मी विचारलं तर म्हणाले, "हा तिच्याबरोबर असलेल्या स्वारांचा."

मग कितीतरी वेळ तेच डोक्यात. १ जून १८५८ ला मुरारजवळ शिंद्यांच्या फौजेतले बहुतेक शिपाई तात्या टोपे आणि राणीच्या बाजूला गेले, ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे आग्र्याला निघून गेले. या शिपायांना पुढचे पंधरा-वीसच दिवस मिळाले. ग्वाल्हेरजवळच्या कोटा की सरायच्या लढाईत राणी साध्या स्वाराच्या पोशाखात होती म्हणतात. म्हणजे त्या धुळीत ती आणि तिच्या शेजारचा कुणी एक, सारखेच दिसत असणार! त्याचंही घर असेल, वाट बघणारं कुणी असेल. २० जूनला किल्ला इंग्रजांकडे गेला, तेव्हा त्याच्या घरी निरोप तरी कुणी नेला असेल?

निघताना बाबांनी वाकून तो हार पुन्हा नीट केला. बोटांना माती लागली होती, ती त्यांनी पुसली नाही.