मालेगावचा शुक्रवार आणि बाल्कनीची चावी

नाशिकच्या द्वारका चौकातून धुळ्याची एसटी पकडली. कंडक्टरने न विचारता अर्धं तिकीट हातात ठेवलं. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मं भाडं आहे, त्यामुळे या गाड्यांत आता बायका बाजाराला, माहेराला, देवाला अशा सगळीकडे निघालेल्या दिसतात. पिक्चर बघायला मालेगावला निघालेली त्या दिवशी बहुधा मी एकटीच होते. शेजारच्या मावशींना तसं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "का गं, नाशकातली थेटरं बंद पडली का?"

विजयानंद, सर्कल, हेमलता ही नाशकातल्या थेटरांची नावं आमच्या आईच्या पिढीला पत्त्यांसारखी पाठ. माझ्या पिढीला पिक्चर म्हणजे मॉल, सरकता जिना आणि तिकिटापेक्षा महाग पॉपकॉर्न. आणि म्हणे सिनेमा आमच्या गावचा! तसा तो आहेच. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत लागल्यावर त्यांनी सगळं बिऱ्हाड नाशकात आणलं. त्या पहिल्या सिनेमात तारामतीच्या कामाला बाई मिळेना, म्हणून अण्णा साळुंके यांना लुगडं नेसवलं होतं. नाशकात येऊन काढलेल्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये मात्र दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला, अशा मायलेकी पडद्यावर आल्या. पडद्यावरचा प्रश्न असा झटपट सुटला. पडद्यासमोरच्या बाईचं काय, ते पुढे येईलच.

ओझर, पिंपळगाव, चांदवड. राहुड घाट उतरल्यावर हवा बदलते, कोरडी होते. उमराण्याला कांद्याचे ट्रॅक्टर रस्ता अडवून उभे. मालेगावात मोसम पुलाशी उतरले तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं.

शुक्रवार मुद्दाम निवडला होता. मालेगावात यंत्रमागांची सुट्टी शुक्रवारी असते. आठवडाभर खडखडाटात काढलेली माणसं त्या दिवशी नमाज आणि जेवण आटोपून थेटराकडे निघतात. या गावाचं सिनेमावेड जगजाहीर आहे. डाकूंना घोड्यांऐवजी सायकलींवर बसवून 'शोले'ची मालेगावी आवृत्ती काढणारी हीच माणसं. २०२३ च्या दिवाळीत सलमानच्या सिनेमाला इथल्याच एका थेटरात आतल्या आत फटाके नि रॉकेट उडाले आणि गुन्हा दाखल झाला. त्यामुळे मी जिथे गेले तिथे डोअरकीपर पोरांचे खिसे चाचपून आत सोडत होता. काडेपेट्यांचा ढीग त्याच्या स्टुलावर.

मामा-मामी मालेगावच्या कॅम्प भागात राहतात. मामा म्हणाले, "चल, तिकिटं मी काढतो. तुम्ही दोघी सावलीत थांबा." खिडकीवर त्यांना बाल्कनीची तीन तिकिटं मिळाली, शंभराच्या आतली. पातळ गुलाबी कागद, फाटायला हात लावायची खोटी. मला खाली स्टॉलमध्ये बसायचं होतं. डोअरकीपरने माझ्याकडे न बघता मामांना सांगितलं, "चाचा, फॅमिली ऊपर."

ऊपर तर ऊपर. बाल्कनीतून खालचा सिनेमा फुकट दिसतो, आणि खरं सांगायचं तर तोच मुख्य होता. हिरोच्या एंट्रीला कागदाचे कपटे उडाले. लोक खुर्च्यांवर उभे राहिले. मग दहा-पंधरा मिनिटांनी संवादांचा आवाज बसला, आणि तक्रार कशी करतात ते मी पाहिलं. आधी एक शिट्टी, मग चार, मग अख्खा स्टॉल मागे वळून ऑपरेटरच्या चौकोनी भोकाकडे बघत ओरडला, "अबे आवाज बढा!" अर्ध्या मिनिटात आवाज वाढला. इतका वाढला की मामींनी कानावर पदर घेतला. थोड्या वेळाने दाराचा पडदा सरकून पडद्यावर उन्हाची पट्टी पडली. पुन्हा आरोळी, पुन्हा काम फत्ते. पंखा बंद पडला, तोही चालू करून घेतला. मॉलमध्ये मी एकदा कडाक्याच्या एसीत कुडकुडत बसले होते. उठून सांगायला गेले तर तिथल्या मुलाने फॉर्म भरायला दिला. ग्राहक राजा वगैरे आपण म्हणतो, पण तो राजा मला इथे स्टॉलमध्ये दिसला, बनियनवर, पाय पुढच्या खुर्चीवर टाकून.

इंटरव्हलला समोसे आले, वर्तमानपत्राच्या तुकड्यावर, सोबत तळलेली मिरची. समोसा उत्तम. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार वेगळी होती. बाल्कनीच्या टोकाला 'महिला' लिहिलेलं दार होतं आणि त्याला कुलूप. मामी म्हणाल्या, "मला ठाऊक होतं, म्हणून मी सकाळपासून पाणीच नाही प्यायले." हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं, की मला आधी त्याचा अर्थच लागला नाही. खालची पोरं ओरडून पंखा लावून घेतात. ही तक्रार ओरडून कशी करायची? बाल्कनीतून खाली वाकून "अबे चावी ला" म्हणायचं?

मी जिना उतरले. डोअरकीपरकडे चावी नव्हती, मॅनेजरकडे होती. मॅनेजर बाहेर चहाला गेले होते. एक पोरगा त्यांना बोलवायला धावला. खाली पोरं सिगरेटी ओढत उभी होती, त्यांनी आपण होऊन वाट दिली, हेही सांगायला हवं. तेवढ्यात घंटा वाजली, मध्यंतर संपलं. मॅनेजर आले तेव्हा आत पडद्यावर मारामारी सुरू झाली होती. माणूस भला, चावी देताना ओशाळलेला. म्हणाले, "ताई, बायका येतच नाहीत हो. उघडं ठेवलं तर पोरं घाण करतात. मग कुलूप."

माझ्या मागून मामी जिना उतरून आल्या होत्या. त्या मामांसमोरही मोठ्याने बोलत नाहीत. इथे बोलल्या. "आमच्या भिशीत बारा बायका आहेत. पुढच्या शुक्रवारी आणते सगळ्यांना. मग?"

मॅनेजरने मामांच्या दिशेने पाहिलं. मामा वर बाल्कनीत बसून पिक्चर बघत होते, त्यामुळे उत्तर मामींनाच द्यावं लागलं.

"या ना, जरूर या," ते म्हणाले. "फक्त आदल्या दिवशी फोन करा. साफ करून घेतो."

मामींनी तिथेच नंबर लिहून घेतला, गुलाबी तिकिटाच्या पाठीवर.